नाशिक परिसरातल्या जुन्या दफनभूमी, कबरस्तानं आणि समाध्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली, गवत वाळायला लागलं की आमचे फोन वाजू लागतात. कुणाला इगतपुरीत पुरलेला पणजोबा शोधायचा असतो, कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फोटो हवे असतात, तर कुणाला पन्नास मुलं घेऊन एका रविवारी 'स्वच्छता मोहीम' उरकायची असते. या शेवटच्या फोनची आम्हाला जास्त धास्ती वाटते. का, ते पुढे येईलच.

आम्ही म्हणजे नाशकातले चार-पाच हौशी लोक. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. जुन्या दफनभूमींमध्ये जातो, फोटो काढतो, नावं उतरवून घेतो, आणि कुणी सांगितलं तर थोडं गवत कापतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नाशिकमध्ये अशा जागा आहेत तरी कुठे?

वाटतात त्यापेक्षा बऱ्याच. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही शरणपूर हे कधी काळी वेगळं ख्रिस्ती गाव होतं हे माहीत नसतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ते वसवलं. इथल्या मिशनच्या शाळेत मराठी मुलांबरोबर आफ्रिकन मुलंही शिकली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, आणि त्यातून सोडवलेली मुलं इथे आणली जायची. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं गेलं. दफनाची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर लेखही त्यानेच कोरला. पुढच्या वर्षी मृतदेहासोबत तो इंग्लंडला गेला. मृत्युलेख कोरण्याशी नाशिकचा संबंध असा थेट मध्य आफ्रिकेपर्यंत पोचतो, आणि आपण त्या रस्त्यावरून सिग्नल मोजत जातो.

देवळाली कॅम्प ही १८६० च्या दशकापासूनची लष्करी छावणी. विलायतेहून येणारे आणि परत जाणारे गोरे सैनिक इथे मुक्कामाला असत, आणि त्यांतले काही इथेच राहिले. इगतपुरीची गोष्ट रेल्वेची. थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. त्या चढासाठी जादा इंजिनं लागायची, म्हणून शेड आली, कॉलनी आली, ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं आली आणि ओघाने दफनभूमीही आली.

याशिवाय जुन्या नाशकातली आणि मालेगावची कबरस्तानं, गोसावी आणि लिंगायत समाजाच्या समाधीच्या जागा, त्र्यंबकेश्वरातल्या साधूंच्या समाध्या. यांपैकी बऱ्याच जागा आजही वापरात आहेत, तेव्हा 'जुनी' म्हणजे 'बेवारस' असं धरून चालू नका.

आत जायला कुणाची परवानगी लागते?

जागा ज्याची त्याची. चर्चच्या दफनभूमीसाठी त्या चर्चच्या फादर किंवा पाळकसाहेबांना भेटा. मंडळीची कमिटी असते, तिचा सेक्रेटरी किल्ली ठेवतो. कबरस्तानासाठी ट्रस्टचे लोक किंवा जवळच्या मशिदीचे इमामसाहेब. छावणी हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि आसपास लष्करी आस्थापना असतील तर फोटोचा विषय आधी काढा. नंतर काढलात तर तो विषय तुमच्याऐवजी दुसरंच कुणीतरी काढतं. रेल्वे कॉलनीतल्या जागेसाठी रेल्वेचे अधिकारी.

मालक कोण तेच कळत नसेल तर भूमी अभिलेख खात्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर गावाचा सातबारा किंवा शहरातलं मालमत्ता पत्रक बघा. तिथे 'स्मशानभूमी', 'कबरस्तान' अशी नोंद सापडते. वक्फच्या मालमत्तांची नोंद राज्य वक्फ मंडळाकडे असते, सार्वजनिक न्यासांची धर्मादाय आयुक्तांकडे. कागद शोधायला दोन हेलपाटे पडतील, पण एकदा गट नंबर हातात आला की पुढची सगळी बोलणी सोपी होतात.

गेटवर कुणी अडवलं तर?

अडवणारच. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुणाच्या मयतीला आलात?" यावर "हेरिटेज डॉक्युमेंटेशन" असं काही बोललात की गेट बंद झालंच समजा. साधं सांगा: "दादा, जुन्या कबरींवरची नावं लिहून घेतोय. फादरना विचारलंय, हा त्यांचा नंबर." राखणदाराला दादा, काका, चाचा जे शोभेल ते म्हणा, आणि आत शिरण्याआधी दोन मिनिटं त्याच्याशी बोला. कुठली कबर कधी खचली, कोणत्या कोपऱ्यात साप निघतो, कोणाचे नातेवाईक वर्षातून एकदा येतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. इगतपुरीकडच्या एका काकांनी आम्हाला नुसतं बोट दाखवून गवतात बुडालेली सबंध रांग सांगितली होती. "तिकडं लहान पोरांच्या हायेत, जपून पाय टाका." खरोखरच त्या हातभर लांबीच्या कबरी होत्या, घाणेरीच्या जाळीखाली एकापुढे एक.

कपडे, चपला, फोटो यांचे काय नियम?

कबरीवर पाय देऊ नका, बसू नका, बॅग टेकवू नका. हे सगळ्याच धर्मांच्या जागांना लागू. कबरस्तानात बायकांनी जाण्याबद्दल ठिकठिकाणी वेगळा रिवाज आहे, तो आधी विचारून घ्या आणि मिळालेलं उत्तर हुज्जत न घालता माना. समाधीच्या ओट्यावर चपला काढूनच चढायचं. अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीत आणि आपण बाहेर. अलीकडच्या, म्हणजे ज्यांचे घरचे अजून येतात अशा कबरींचे जवळून फोटो काढून टाकू नका. प्री-वेडिंग शूटसाठी विचारणा होते, हो, खरंच होते. नाही.

जायला चांगला काळ कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा गवत छातीपर्यंत, जमीन भुसभुशीत, आणि जुनी कबर पायाखाली खचू शकते. एप्रिल-मेमध्ये दगड हात लावू देत नाही.

२ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या मृतांचं स्मरण करतात. त्याआधीचे आठ दिवस दफनभूमीत साफसफाई, रंगरंगोटी, फुलं असा राबता असतो. शब-ए-बरातच्या आधी, म्हणजे बडी रातच्या तयारीला, कबरस्तानांत तेच दृश्य असतं. मदत करायची असेल तर याच दिवसांत जा. तुमची मोहीम वेगळी काढण्यापेक्षा त्यांच्या कामात हात लावलात तर ओळखी होतात, आणि पुढच्या वर्षी तेच तुम्हाला बोलावतात.

साप-किरड्याची भीती आहे का?

आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही विषारी मंडळी आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि खचलेली कबर, दगडांचा ढीग, वाळलेला पाचोळा ही त्यांची आवडती जागा. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, पाऊल टाकण्याआधी काठीने गवत हलवा, आणि फटीत हात कधीच घालू नका. दंश झालाच तर हालचाल बंद, अंगठी-कडं काढून ठेवा, १०८ ला फोन आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटल. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक यांत वेळ जातो आणि माणूसही.

आम्हाला सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त वाटते. निलगिरी, वड किंवा जुन्या चर्चची कमान, वर बघितल्याशिवाय खाली काम सुरू करू नका. मोहोळ दिसलं तर त्या भागात ना कोयता, ना धूर, ना अत्तर. माशा उठल्याच तर तोंड झाकून लांब पळा, हात झटकत उभे राहू नका.

आमच्याकडे भरपूर मुलं आहेत. एका रविवारी सगळी जागा चकाचक करून दिली तर?

हाच तो फोन. उत्साह मोडायचा नाही, पण ऐका.

जुन्या दफनभूमीचं जेवढं नुकसान दुर्लक्षाने होतं, तेवढंच एका दिवसाच्या उत्साहानेही होतं. मुलं मनापासून काम करतात, म्हणजे मनापासून उपटतात, घासतात, सरळ करतात, रंगवतात. गवतात पडलेला तुटका तुकडा 'राडारोडा' म्हणून ढिगात जातो, आणि त्याच तुकड्यावर आडनाव असतं. कबरीच्या कडेचे दगड 'विस्कटलेले' दिसतात म्हणून कोपऱ्यात रचून ठेवले जातात. झालं, आता कुठली कबर कुठे संपत होती ते कायमचं गेलं. वर तारेच्या ब्रशने लेख घासला की शंभर वर्षांच्या पावसाने नेलं नसतं ते अर्ध्या तासात जातं.

म्हणून आमचा क्रम उलटा आहे. आधी वही, मग कात्री, आणि झाडू सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी फक्त नकाशा करायचा. गेटपासून सुरुवात, ओळींना क्रमांक, कबरींना क्रमांक, प्रत्येकीचे फोटो: एक लांबून, एक समोरून, एक लेखाचा, आणि जमिनीवरचा प्रत्येक तुकडा जिथे पडलाय तिथेच. हे काम मुलं फार छान करतात. दोघांची जोडी, एक वाचणार, एक लिहिणार. दहावीच्या मुलाला इंग्रजी कोरीव अक्षरं आणि मराठी शिळा दोन्ही वाचता येतात. मोडीतलं काही सापडलं तर फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवायचं, अंदाज लिहायचा नाही.

दुसऱ्या खेपेला गवत. तेही उपटायचं नाही, विळ्याने कापायचं. ब्रश कटर कबरीपासून हातभर लांब ठेवा, नायलॉनची दोरी लागली तरी मऊ दगडाची कड उडते. गाजर गवत मात्र फुलायच्या आधी मुळासकट काढा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, कारण काहींच्या अंगाला त्याने भयंकर खाज सुटते.

पन्नास मुलांना एकदाच आणण्यापेक्षा दहा-दहा जण पाच वेळा आले तर जागा वाचते. फोटोला गर्दी कमी दिसेल, एवढाच तोटा.

लेख पुसट झालाय. वाचायचा कसा?

खडू फिरवू नका, पीठ चोळू नका, कोळसा तर मुळीच नाही. जुन्या फोटोंमध्ये लोकांनी खडू भरलेला दिसतो. तो खडू दगडाच्या छिद्रांत बसतो आणि पुढच्या पावसात लेखाची कड घेऊन जातो.

प्रकाश तिरका पाडा, बस. सकाळी आठ-साडेआठचं किंवा संध्याकाळचं ऊन शिळेला चाटून जातं, तेव्हा दुपारी कोरी दिसणारी शिळा आपोआप बोलायला लागते. शिळेचं तोंड उत्तरेला असेल आणि ऊन येतच नसेल तर कपाटाच्या दारावरचा लांब आरसा घेऊन जा. एकाने आरसा धरून ऊन कडेने शिळेवर टाकायचं, दुसऱ्याने फोटो काढायचे, आरसा हळूहळू फिरवत. मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरला तरी काम भागतं, फक्त सावलीत. साध्या पाण्याचा फवारा मारून शिळा सुकत असतानाही अक्षरं दिसतात, कारण खोलगट भाग उशिरा सुकतो.

संगमरवरी पाट्यांची एक गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला संगमरवरात अक्षरं खोदून त्यांत शिसं ठोकून बसवायची पद्धत होती. शिसं धरून राहावं म्हणून खाचेच्या तळाशी बारीक भोकं पाडलेली असत. काळाच्या ओघात शिसं गळून पडतं, कधी कुणीतरी खरवडून विकतं, आणि मागे राहतात नुसती भोकं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दगडाला कीड लागलीय. पण कागदावर ती भोकं जशीच्या तशी ठिपक्यांनी उतरवा आणि शेजारी शाबूत असलेल्या अक्षरांची भोकं कशी आहेत ते ताडून बघा. एकाच कारागिराच्या हातची 'आर' आणि 'ई' त्या पाटीवर सगळीकडे सारखीच भोकं घेऊन बसलेली असतात. देवळालीच्या एका पाटीवर आम्हाला फक्त वर्ष आणि शेवटची ओळ वाचता येत होती. ठिपके जुळवत बसलो तेव्हा पलटणीचं नाव बाहेर आलं, मग हुद्दा, आणि अगदी शेवटी वय: एकवीस.

गळालेलं शिशाचं अक्षर मातीत सापडलं तर खिशात घालू नका. फोटो काढा, पाकिटात ठेवून त्यावर कबरीचा क्रमांक लिहा आणि कमिटीकडे द्या. नंतर हात धुवा.

दगड कशाने धुवावा?

बहुतेक वेळा धुऊच नका. शेवाळं आणि दगडफूल काळ्या पाषाणाला फारसं काही करत नाहीत. ओरबाडून काढलं तर दगडाचा पापुद्रा सोबत येतो. लेख झाकलाच गेला असेल तर साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश, आणि खालून वर धूत जायचं, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर डाग पाडत नाहीत. ॲसिड, ब्लीच, संडास साफ करायचं लिक्विड, धुण्याची पावडर, चिंच, लिंबू हे संगमरवरावर अजिबात नको. संगमरवर आम्लात विरघळतो. आधीच पावसाने त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ झालेला असतो, बोट फिरवलं तरी कण निघतात. अशा पाटीला हातही लावू नका. प्रेशर वॉशर ही गाडी धुवायची वस्तू आहे.

मोडलेला चौथरा सिमेंटने बसवून दिला तर चालेल का?

नाही. जुनं बांधकाम चुन्याचं आहे. चुना थोडा लवचीक असतो आणि ओल बाहेर टाकतो. सिमेंट कडक, ओल कोंडून ठेवतं, मग क्षार आणि पाणी दगडातून किंवा विटेतून वाट काढतात आणि चार-सहा पावसाळ्यांत सिमेंट तसंच राहतं, भोवतीची वीट मात्र भुगा होते. नाशकात चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून मिळतात, कारण वाडे आणि मंदिरं दुरुस्त होत असतात. त्यांना विचारा. विरवलेला चुना, धुतलेली वाळू, हवी तर विटेची सुरखी. एक भाग चुन्याला साधारण तीन भाग वाळू हे नेहमीचं प्रमाण. काम थंडीत करा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, चष्मा हवाच.

गिलावा केलेल्या विटेच्या कबरीला चुन्याची सफेदी द्यायला हरकत नाही, पिढ्यान्‌पिढ्या देतच आलेत. ऑइल पेंट नको. लेखावर तर काहीच नको.

कबरीतून पिंपळ उगवलाय. उपटू का?

रोप बोटाएवढं असेल तर पावसाळ्यानंतर ओल असताना अलगद निघतं. मनगटाएवढं झालं असेल तर उपटू नका, मुळांनीच बांधकाम धरून ठेवलेलं असतं आणि ओढलंत की सगळं सोबत येतं. सांध्यापाशी कापा, दर वर्षी कापत राहा. कापलेल्या बुंध्यावर लगेच ब्रशने तणनाशक लावतात, पण ते जाणकाराकडून करून घ्या, फवारा मारू नका. मोठ्या झाडाला हात लावायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्षाचं संरक्षण आहे, आणि दफनभूमीतली बरीच झाडं त्यात बसतात.

वाळलं गवत पेटवून दिलं तर लवकर होईल ना?

होईल. दगडही लवकर तडकतील.

पडलेला क्रूस किंवा शिळा उभी करू का?

पडलेली शिळा तोंड वर करून पडली असेल तर तशीच राहू द्या. पालथी असेल तर एका परीने बरंच आहे, लेख उन्हापावसापासून वाचलाय. एका घनफूट काळ्या पाषाणाचं वजन ऐंशी किलोच्या आसपास भरतं, तेव्हा 'चला, धरा' म्हणून उचलायची ही गोष्ट नाही. पाथरवट, पहार, लाकडी ठोकळे आणि मुख्य म्हणजे ज्यांची जागा आहे त्यांची संमती. झुकलेली शिळा मुलांच्या अंगावर येण्यासारखी असेल तर भोवती दोरी बांधा आणि कमिटीला कळवा.

शके किंवा हिजरी वर्ष लिहिलंय, इसवी सन कसा काढू?

शकात ७८ मिळवा: शके १८२० म्हणजे १८९८. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, वर्षभराच्या फरकाने जुळतं. हिजरी १३०० म्हणजे १८८२–८३. आकडेमोड वहीत वेगळ्या रकान्यात लिहा, मूळ वर्ष खोडू नका.

आमचे पूर्वज इथे पुरलेत असं घरात सांगतात. नोंद कुठे मिळेल?

पहिलं दार चर्चचं. दफनाच्या नोंदवहीत नाव, वय, धंदा, मृत्यूची आणि दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्याचं नाव असतं, काही वेळा कारणही. कारणांचा तो रकाना सलग वाचवत नाही: पटकी, ताप, बाळंतपण, पुन्हा पटकी. शिळेवर मृत्यूची तारीख असते, वहीत दफनाची. उन्हाळ्यात ती बहुतेक तीच किंवा दुसऱ्या दिवसाची. मोठा फरक दिसला तर माणूस वेगळा असू शकतो.

युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी आणखी एक वाट आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या मालिकेत आहेत, आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या बघता येतात. फिबिस या संस्थेची सूची फुकट शोधता येते. भारतातल्या युरोपियन दफनभूमींच्या जतनासाठी १९७६ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेली बॅक्सा ही संघटनाही शिळांच्या नोंदी ठेवते.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांचं मात्र वेगळं आहे. लंडनच्या नकलांत ती फारशी सापडत नाहीत. नोंद चर्चच्या वहीत आणि आजीच्या तोंडात. आजी असेपर्यंत विचारून घ्या.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी कोण बघतं?

दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुल सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे, १९१७ पासून. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत आणल्या गेल्या. तिथेच पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त सैनिकांचं स्मारक आहे, जे भारत-पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेले आहेत पण ज्यांच्या कबरींची देखभाल होऊ शकत नाही. त्यामुळे देवळालीत शोधत असाल आणि सापडत नसेल तर कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा, तपास खडकीला लागू शकतो. १९१४ च्या आधी शांततेच्या काळात तापाने गेलेले शिपाई कमिशनच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना कुणीच वाली नाही, आणि संख्येने तेच जास्त.

गोसावी, लिंगायत समाजाच्या समाध्यांना हेच नियम लागू का?

दगडाचे तेच, वागण्याचे थोडे वेगळे. या समाजांत मृताला बसलेल्या स्थितीत समाधी देतात, वर ओटा, त्यावर शिवलिंग, नंदी किंवा पादुका. अनेक समाध्यांवर आजही पूजा होते, शेंदूर चढतो, दिवा लागतो. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीवर पौष वद्य एकादशीला लाखोंनी वारकरी येतात. ती पुराणवस्तू आहे असं त्यांना सांगायला जाऊ नका. शेंदूर खरवडून खालचं कोरीव काम बघायचा मोह अभ्यासकांना होतो. तो आवरा. घरचे लोक कोण आहेत ते शोधा, त्यांनीच होऊन कवच काढलं तर गोष्ट वेगळी.

जुन्या दफनभूमीत नवे दफन होतात. ते थांबवायला नको का? वारसा आहे ना?

हा प्रश्न नेहमी बाहेरचे लोक विचारतात. शहर वाढलं, जागा वाढली नाही. ठराविक वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरण्याचा रिवाज कबरस्तानांत आणि अनेक ख्रिस्ती दफनभूमींतही आहे. आमचं मत विचाराल तर वापरात असलेली जागाच टिकते. जिथे मयती येतात तिथे कुंपण असतं, पाणी असतं, राखणदार असतो. जिथे येणं थांबतं तिथे पाच वर्षांत गुरं, दहा वर्षांत टपरी, पुढे रस्ता. कमिटीला एवढंच सांगा की कबर उघडण्याआधी जुन्या शिळेचा फोटो आणि लेख नोंदवून घ्या, आणि शिळा भिंतीशी उभी ठेवा, पायरीला वापरू नका.

शिळा चोरीला गेली, किंवा कुणी जागा बळकावतंय. काय करायचं?

स्वतः भांडायला जाऊ नका. आधी विश्वस्तांना कळवा, तक्रार त्यांच्या नावाने गेलेली बरी. भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसखोरी किंवा मृताची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत. रुंदीकरणाच्या रेषेत कुठली भिंत येते का हे विश्वस्तांनी नगररचना विभागात आताच बघून ठेवावं. अशा वेळी तारखेसकट फोटो आणि क्रमांक घातलेला नकाशा हाच पुरावा. वही आधी म्हणतो ते यासाठीही.

गुप्तधनासाठी खणणारे अजूनही भेटतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्या कबरींत सापडलंच तर गणवेशाचं बटण सापडेल.

रात्री जाऊन भुतं शोधणारे व्हिडिओ पाहिले. खरं काय?

रात्री तिथे घुबडं असतात, साप असतात आणि दारू प्यायला आलेली मंडळी असतात. तिघांनाही तुम्ही नको असता.

पैसे द्यायचे आहेत. कुणाला देऊ?

आम्हाला नको. कमिटीच्या किंवा ट्रस्टच्या नावाने चेक आणि रीतसर पावती. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे राखणदारासाठी गमबूट, चांगला विळा, पाण्याची टाकी. परदेशातले नातेवाईक एकाच कबरीला ग्रॅनाइट लावून द्यायला तयार असतात. त्यांना हळूच सुचवा की तेवढ्यात सगळ्या आवाराची भिंत दुरुस्त होईल.

कापलेलं गवत आणि घाणेरी टाकायची कुठे?

गवत तिथेच एका कोपऱ्यात कुजू द्या, कबरींपासून लांब. घाणेरीला काळी फळं धरली असतील तर ती गोणीत बांधून न्या, ओढत नेलीत तर वाटभर पेराल. प्लास्टिक, काच, जुने हार वेगळे करून घंटागाडीला. गाडी आत येत नाही, गोण्या रस्त्यापर्यंत आणून ठेवाव्या लागतात, म्हणून शेवटचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. गोदावरीत काहीही टाकायचं नाही, फुलंसुद्धा. आणि निघताना किल्ली ज्याच्याकडून घेतली त्याच्याच हातात द्या, शेजारच्या दुकानात ठेवून जाऊ नका.